नवशिक्यासाठी युनिक्ससदृश प्रणाली : निवडीच्या निकषाची चिकित्सा

नवशिक्यासाठी युनिक्ससदृश प्रणाली निवडताना ‘सुलभता’ हाच निकष सामान्यतः प्रमाण मानला जातो. हा निकष अपुरा आहे. प्रणाली संगणकावर एकदाच बसवावी लागते. सुरक्षाविषयक सुधारणा मात्र वर्षानुवर्षे लागतात. २०१९ मध्ये आलेल्या सेंटओएस ८ ला २०२९ पर्यंत सुधारणा मिळणे अपेक्षित होते; डिसेंबर २०२० मधील घोषणेनुसार त्या २०२१ अखेरीसच थांबल्या. म्हणजे २०१९ मध्ये प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याची तीन वर्षांची पदवी पूर्ण होण्यापूर्वीच प्रयोगशाळेतील ही प्रणाली निराधार होते. याउलट उबुंटूच्या दीर्घकालीन आवृत्त्यांना किमान पाच वर्षे सुधारणा मिळतात. १९९३ पासूनचा डेबियन प्रकल्प कोणा एका कंपनीच्या मालकीचा नाही. म्हणून ‘सोपी कोणती?’ यापूर्वी ‘ती कोण, किती काळ सांभाळणार?’ हा प्रश्न विचारणे अगत्याचे ठरते.