देशांतर आणि गद्याची रीती : पंडिता रमाबाईंच्या अमेरिकाविषयक ग्रंथासंबंधी

राजशेखराच्या ‘काव्यमीमांसे’तील काव्यपुरुष देशोदेशी भटकतो. साहित्यविद्यावधू त्याच्या मागोमाग जाते, प्रदेशागणिक वेष, नृत्य आणि वचन पालटते आणि अखेर विदर्भातील वत्सगुल्म नगरात, म्हणजे आजच्या वाशीम येथे, त्यांचा विवाह होतो. या आख्यानात भ्रमंतीतून निष्पन्न होते ती रीती. परदेशी शिक्षणाने मराठी लेखकाला काय दिले, या प्रश्नाचा विचार करताना ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. कारण परदेशगमनाने आत्मविश्वास आला, हे विधान आपल्या चरित्रपर लेखनात फारशी तपासणी न होताच येत असते.

या विधानाला पहिला छेद वऱ्हाडातच मिळतो. वाशीमलगतच्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ १८८२ मध्ये प्रसिद्ध केली ती विलायत न पाहता. घरातील सत्यशोधकी वातावरण आणि सुरतेच्या विजयालक्ष्मी खटल्याने उसळलेला संताप एवढी सामग्री त्यांना पुरली. पंडिता रमाबाईंनाही धैर्य बोटीवर सापडले नाही. कलकत्त्याच्या विद्वत्सभेने १८७८ मध्ये त्यांचा गौरव केलेला होता आणि १८८२ मध्ये त्यांनी हंटर आयोगापुढे साक्षही दिली होती.

तरीही त्याच वर्षीचे ‘स्त्रीधर्मनीति’ आणि १८८९ चे ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ ही पुस्तके शेजारी ठेवली की, मध्ये काहीतरी मूलभूत घडले आहे हे जाणवते. पहिल्या ग्रंथातील निवेदिका उंचावरून उपदेश करते. स्त्रियांच्या दुरवस्थेचे बरेचसे उत्तरदायित्व ती त्यांच्याच अज्ञानावर टाकते आणि उपाय सांगते तो वैयक्तिक सदाचरणाचा. (या पुस्तकाच्या विक्रीचा पैसा विलायतेच्या प्रवासखर्चाला उपयोगी पडला, हा योगायोग मोठा बोलका आहे.) दुसऱ्या ग्रंथात ‘तुम्ही असे वागा’ हा सूर मागे पडतो. कायदे, महाविद्यालये, स्त्रियांच्या संघटना, त्यांची वृत्तपत्रे, त्यांचे वेतन यांचे तपशील येतात. दोष व्यक्तीकडून व्यवस्थेकडे सरकतो आणि त्याबरोबर वाक्याची घडणही बदलते. आज्ञार्थाची जागा वर्णन आणि तुलना घेतात.

हे स्थित्यंतर केवळ अमेरिकेच्या कौतुकाने घडले असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. १८८३ मध्ये वैद्यकीय शिक्षणाच्या हेतूने इंग्लंडला गेलेल्या रमाबाईंना श्रवणदोषामुळे तो मार्ग सोडावा लागला. त्याच वर्षी त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात त्या शिकत होत्या आणि संस्कृतही शिकवत होत्या. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही, यावरून धर्माधिकाऱ्यांशी त्यांचा जो वाद झाला, त्यात परदेशही आज्ञा देतो आणि ती नाकारता येते, हे त्यांना उमगलेले दिसते. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी १८८६ मध्ये त्या फिलाडेल्फियाला पोचल्या, त्या ही झुंज अनुभवून.

अमेरिकेतील वास्तव्यातून दोन संहिता निर्माण झाल्या. १८८७ चा ‘द हाय कास्ट हिंदू वुमन’ हा इंग्रजी ग्रंथ अमेरिकनांना हिंदू स्त्रीची स्थिती सांगतो. मराठी ग्रंथ मराठी वाचकाला अमेरिकन स्त्रीची. वाचक बदलताच लेखनाचा हेतूही बदलतो. इंग्रजी ग्रंथ साहाय्याचे आवाहन करतो. त्याच वर्षअखेर बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. मराठी ग्रंथाला आर्जव करायचे नाही. परकी लोकस्थिती मांडून तो वाचकाला स्वतःच्या लोकस्थितीकडे पाहावयास लावतो. येथे लेखन आणि कृती यांचा संबंध कारण-परिणामाचा न राहता दोन्ही एकाच योजनेची अंगे होतात.

या दृष्टीला मर्यादा आहेत. गुलामगिरी आणि मूळ रहिवाशांवरील अन्याय यांविषयी परखड असणारी लेखणी स्त्रीसंघटनांपाशी आली की, चिकित्सा सोडून भक्तिभाव धरते. ताराबाईंच्या गद्यातील उपरोधाची धार येथे क्वचितच लागते. संस्था उभारावयाची तर सहानुभूतिदारांना दुखवून चालत नाही, हे व्यावहारिक भानही त्यामागे असावे. पण वाङ्मयदृष्ट्या त्याची किंमत ग्रंथाने मोजली आहे.

मराठी समीक्षेने हा ग्रंथ प्रामुख्याने ‘प्रवासवर्णन’ या खात्यात टाकला आणि धर्मांतराविषयीच्या अढीमुळे त्या खात्यातही तो उपेक्षित राहिला. वास्तविक रमाबाईंनी शीर्षकात ‘लोकस्थिति’ आधी आणि ‘प्रवासवृत्त’ नंतर ठेवले आहे.