ठेवीदाराची विभक्ती : सहकारी बँकविषयक कायद्याचे एक वाचन

कायद्याचे परीक्षण सामान्यतः त्याच्या परिणामांवरून केले जाते. त्याच्या शब्दांवरून क्वचितच. वस्तुतः एखादी बँक संकटात सापडते तेव्हा मत कोणाला, दाद मागण्याचा अधिकार कोणाला आणि केवळ रक्षण कोणाचे, हे प्रश्न कायद्याच्या वाक्यरचनेने आधीच सोडविलेले असतात. सहकारी बँकांना लागू असलेल्या कायद्यांचे ह्या दृष्टीने वाचन केल्यास त्यांचे बळ व त्यांची उणीव ही दोन्ही एकाच ठिकाणी आढळतात.

१८८९ साली विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांच्या मार्गदर्शनाखाली बडोद्यात स्थापन झालेल्या पतमंडळीच्या नावात ‘अन्योन्य’ हा शब्द होता. आज देणारा तोच उद्या घेणारा, ही कल्पना त्या एका शब्दात सामावलेली आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मधील एका सभासदास एकच मत हा नियम ह्याच कल्पनेतून आलेला आहे. परस्परांस ओळखणाऱ्या लहान मंडळीस तो सर्वथैव शोभतो. परंतु नागरी बँका वाढल्या, सभासद नसलेल्यांच्या ठेवी त्यांच्याकडे येऊ लागल्या आणि ‘अन्योन्य’ संबंध दुभंगला. कर्ज घेणाऱ्यास भाग घेऊन सभासद व्हावे लागते. ठेव ठेवणाऱ्यास तशी आवश्यकता नसते. परिणामी पैसा प्रामुख्याने ठेवीदाराचा आणि संचालक निवडण्याचा अधिकार मात्र सभासदाचा, म्हणजे पुष्कळदा कर्जदाराचा, अशी स्थिती उत्पन्न झाली.

ही भेग सांधण्याचा पहिला मोठा प्रयत्न १ मार्च १९६६ पासून झाला. बँकिंग विनियमन अधिनियम, १९४९ सहकारी बँकांना लागू करण्यात आला. त्यासाठी योजलेली युक्ती भाषेच्या अभ्यासकाने लक्षात घेण्याजोगी आहे. नवा कायदा न लिहिता, ५६ व्या कलमाने ‘बँकिंग कंपनी’ ह्या शब्दांच्या जागी ‘सहकारी बँक’ असे वाचावे, असे सांगितले. शब्द बदलला, पण वाक्य कंपनीचेच राहिले. शिवाय निम्म्याहून अधिक संचालकांस विशेष ज्ञान वा व्यावहारिक अनुभव असावा, ही बँकिंग कंपन्यांवरील अट सहकारी बँकांस २०२० पर्यंत लागू नव्हती. निवडणूक व कारभार निबंधकाकडे, बँकव्यवहार रिझर्व्ह बँकेकडे, अशी जबाबदारीची वाटणी झाली. आणि ज्या दोषास दोन धनी असतात त्यास बहुधा एकही नसतो.

पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेच्या प्रकरणात ह्याची प्रचीती आली. ही बहुराज्यीय संस्था असल्याने तिला २००२ चा केंद्रीय सहकार कायदा लागू होता. परंतु दुहेरी नियंत्रण तेथेही होतेच. कर्जांपैकी ७० टक्क्यांहून अधिक रक्कम एकाच बांधकाम उद्योगसमूहाकडे गुंतली होती आणि ती झाकण्यासाठी हजारो बनावट खाती दाखविल्याचे उघडकीस आले. २३ सप्टेंबर २०१९ रोजी ३५-अ कलमाखाली निर्बंध लागू झाले. आरंभी प्रत्येक खात्यातून केवळ १,००० रुपये काढण्याची मुभा होती. ठेवीदारांच्या हितास बाधक कारभार रोखण्यासाठी जे कलम आहे, त्यानेच ठेवीदाराचा हात प्रथम बांधला गेला. जानेवारी २०२२ मध्ये ती बँक एका लघुवित्त बँकेत विलीन झाली. तथापि मोठ्या ठेवींची परतफेड दहा वर्षांपर्यंत लांबविण्यात आली.

त्यानंतरच्या सुधारणा उपेक्षणीय नाहीत. ठेवविम्याची मर्यादा फेब्रुवारी २०२० मध्ये १ लाखावरून ५ लाख रुपये झाली. २०२० च्या दुरुस्तीने ५६ व्या कलमास अन्य कायद्यांवर वरचढ स्थान मिळाले. २०२१ च्या दुरुस्तीने निर्बंध आलेल्या बँकेच्या ठेवीदारास विम्याची रक्कम ९० दिवसांत मिळण्याची तरतूद केली. ह्यांपैकी शेवटची सर्वांत मोलाची म्हणावी लागेल. कारण तिने ‘हित’ ह्या संदिग्ध नामाच्या जागी दिवसांची संख्या ठेवली.

तथापि मूळ उणीव कायम आहे. मूळ इंग्रजी पाठ वाचा वा मराठी अनुवाद, ठेवीदार बहुतेक ठिकाणी ‘ठेवीदाराचे’ किंवा ‘ठेवीदारास’ ह्या रूपांतच भेटतो. त्याचे हित असते, त्यास रक्कम मिळते. तो स्वतः फारसे काही करीत नाही. तो ठळकपणे कर्ता होतो तो नामनिर्देशनाच्या कलमात, म्हणजे आपल्या मृत्यूनंतर पैसा कोणाला द्यावा हे सांगताना. २०२५ च्या दुरुस्तीने चार व्यक्तींपर्यंत नामनिर्देशनाची मुभा दिली. त्याच दुरुस्तीने सहकारी बँकेच्या संचालकाची कमाल सलग मुदत, अध्यक्ष व पूर्णवेळ संचालक वगळता, ८ वरून १० वर्षांवर नेली. ठेवीदाराचा अधिकार मृत्यूच्या पलीकडे विस्तारला, संचालकाचा जिवंतपणीच. हा विरोध सूचक आहे.

ह्यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला घटनात्मक. सहकारी संस्था हा राज्यांचा विषय असून, राज्यांची अनुमती न घेता केलेला घटनेचा ९-ख हा भाग राज्यांतर्गत संस्थांपुरता २० जुलै २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अवैध ठरविला. मात्र ‘बँकिंग’ हा केंद्राच्या कक्षेतील विषय असल्याने ठेवीदारापुरता हा मार्ग बंद होत नाही. दुसरा आक्षेप तत्त्वाचा : ठेवीदारास मत दिल्यास सहकाराचा आत्मा जाईल. परंतु ठेवीदारांनी निवडलेला एखादा संचालक एवढीच मागणी केली, तर सभासदाचे मत अबाधित राहते. उलट ‘अन्योन्य’ ह्या शब्दाचा लोपलेला अर्धा अर्थ परत येतो.

नियामक कितीही समर्थ केला तरी तो बाहेरचा असतो आणि बहुधा उशिरा येतो. ज्याचा पैसा बुडणार असतो त्याचे लक्ष मात्र रोजचे असते. त्या लक्षास कायद्याच्या वाक्यात कर्त्याचे स्थान मिळाल्यावाचून सहकारी बँकेचे स्थैर्य उधारीचेच राहील.