अहंकाराचे विसर्जन आणि त्याचा साक्षीदार : ‘स्मृतिचित्रे’ची एक बाजू

१

अहंकाराच्या निरसनाचा विचार मराठी ग्रंथरचनेइतकाच जुना आहे. बीड जिल्ह्यातील अंबेजोगाई येथे मुकुंदराजांची समाधी दाखविली जाते. त्यांचा ‘विवेकसिंधु’ शके १११० मधील, म्हणजे इ. स. ११८८ चा, मानण्याची परंपरा आहे. मुकुंदराजांचे स्थान अंबेजोगाई की वैनगंगेकाठचे आंभोरे, याविषयी आणि ग्रंथाच्या कालाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. ते बाजूस ठेवले तरी देहास ‘मी’ म्हणणाऱ्या वृत्तीचा उलगडा करणे हा त्या ग्रंथाचा एक प्रधान हेतू आहे, यात संशय नाही. पुढे त्याच अंबेजोगाईत दासोपंत (१५५१–१६१५) होऊन गेले. ‘गीतार्णवा’सारखा प्रचंड ग्रंथ रचणाऱ्या या कवीने पंचीकरणाचा विषय सुमारे चाळीस फूट लांबीच्या पासोडीवर लिहून काढला. ‘मी’ ज्या तत्त्वांचा बनलेला आहे त्यांची मांडणी करून तो ‘मी’ विरघळवावा, ही त्या पासोडीमागची दृष्टी होय.

या विचारधारेत एक प्रश्न मात्र बहुधा अस्पर्शित राहतो. अहंकाराचे तात्त्विक रूप आणि त्याचे व्यावहारिक रूप ही दोन्ही एकच नव्हेत. देहास ‘मी’ समजणे हा एक अहंकार. दुसऱ्या माणसाचे आयुष्य आपल्या इच्छेप्रमाणे चालावे असा हट्ट धरणे हा दुसरा. पहिल्याचे निरसन एकांतात होऊ शकते, आणि ते झाले की नाही याचा निर्वाळा साधक स्वतः देतो. दुसऱ्याचे तसे नाही. ती सत्ता ज्याच्यावर चालत होती तोच ती सरली की नाही हे सांगू शकतो.

परंपरेने सांगितलेले दासोपंतांचे चरित्र या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. बीदरच्या राज्यातील अधिकारपदस्थ देशपांडे घराण्यात जन्मलेला हा पुरुष घर सोडून दत्तोपासनेच्या मार्गास लागला, आणि पुष्कळ काळाने त्याची व कुटुंबीयांची पुन्हा भेट झाली, असे त्यात येते. चरित्रकाराचे सारे लक्ष त्याच्या वैराग्यावर आहे. मागे राहिलेल्या पत्नीने ती वर्षे कशी काढली हे तो विचारीत नाही. दोष एकट्या चरित्रकाराचा नव्हे. त्या वाङ्मयप्रकाराची दृष्टीच तेवढी होती. मराठीत हा न विचारलेला प्रश्न प्रथम ठसठशीतपणे विचारला गेला तो एका ख्रिस्ती घरातून.

२

अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) हा बीडच्या पश्चिमेस लागून असलेला जिल्हा. एकोणिसाव्या शतकात नगर इंग्रजी अमलाखाली आणि बीड निजामाच्या राज्यात, अशी राजकीय हद्द मध्ये असली तरी दोहोंचे वाङ्मयीन जग एकच होते. नगर येथे अमेरिकन मराठी मिशनचे मोठे केंद्र होते. त्याच मिशनचे जस्टिन अ‍ॅबट यांनी पुढे महाराष्ट्रातील संतकवींची जी इंग्रजी माला सिद्ध केली तिच्यात दासोपंतांच्या चरित्रालाही स्थान दिले. नारायण वामन टिळक याच मिशनमध्ये आले, आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी लिहिलेली ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाली.

‘स्मृतिचित्रे’ हे विनोदाने नटलेले, प्रांजळ आत्मचरित्र म्हणून मान्यता पावले आहे. तो अभिप्राय यथार्थ असला तरी पुरेसा नाही. या ग्रंथाच्या पहिल्या निम्म्या भागात सत्तेची तीन रूपे एकामागून एक येतात, आणि तो क्रम अर्थपूर्ण आहे. पहिले रूप वडिलांचे. त्यांचे सोवळे इतके पराकोटीचे की बाहेरून आलेल्या जिनसाही धुतल्याशिवाय घरात येऊ नयेत. साऱ्या घराचा दिवस त्या सोवळ्याच्या धाकात उगवे व मावळे. दुसरे रूप सासऱ्यांचे, वामनराव टिळकांचे. तेथे धाक शुचितेचा नव्हता, सरळ रागाचा होता, आणि त्या रागाची झळ नारायणरावांच्या आईला लागली तशी पुढे सुनेलाही लागली. तिसरे रूप खुद्द पतीचे. टिळक कवी होते, उदार होते, पत्नीवर त्यांचे प्रेम होते. परंतु मनात आले की निघून जावे, मनात आले की हातचे देऊन टाकावे, आणि त्याचा भार घरातील माणसाने निमूटपणे उचलावा, ही त्यांची रीत होती. पहिली दोन रूपे कठोर म्हणून सहज ओळखू येतात. तिसरे सद्‌हेतूचे असल्यामुळे त्यास सत्ता म्हणणे कठीण जाते. लक्ष्मीबाई तसा शब्द वापरीत नाहीत. त्या प्रसंग सांगतात, आणि वाचकास ती उमगते.

टिळकांचे धर्मांतर या तिसऱ्या रूपाचा कळस होता, हे येथे स्पष्टपणे म्हणणे प्राप्त आहे. राजनांदगावच्या प्रवासात आगगाडीत एका युरोपियन गृहस्थाने त्यांना नवा करार दिला, तो वाचून विशेषतः डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे मन वेधले, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नम्रांस धन्य म्हणणारे ते प्रवचन. परंतु ते स्वीकारण्याचा निर्णय पत्नीस विश्वासात न घेता झाला. लक्ष्मीबाईंच्या वाट्यास पती जिवंत असून नसल्यासारखी अवस्था आली. अंबेजोगाईच्या संतचरित्रात जी वर्षे अलिखित राहिली, तीच वर्षे येथे पत्नीच्या बाजूने लिहिली गेली आहेत. ‘स्मृतिचित्रे’चे मराठीतील महत्त्व या एका गोष्टीने सिद्ध व्हावे.

३

मग ख्रिस्ती श्रद्धेने टिळकांचा अहंकार घालविला काय? ग्रंथाचे उत्तर सरळ होकारार्थी नाही, आणि त्यातच त्याची विश्वसनीयता आहे. बाप्तिस्म्याने स्वभाव पालटला असे लक्ष्मीबाई कोठेही दाखवीत नाहीत. राग राहिला, लहर राहिली. किंबहुना औदार्याच्या लहरीस आता धर्माचे अधिष्ठान मिळाले. धर्म हा अहंकाराचे औषध होऊ शकतो तसा त्याचे वस्त्रही होऊ शकतो, हे या चित्रणातून कळते.

बदल दिसतो तो एका मर्यादित पण निर्णायक ठिकाणी. सुमारे पाच वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई नगरला आल्या तेव्हा टिळकांनी त्यांच्यावर आपला धर्म लादला नाही. ख्रिस्ती पतीच्या सान्निध्यात त्यांचे सोवळेओवळे, त्यांचे पाणी, त्यांची चूल वेगळी चालू राहिली. जो पुरुष स्वतःच्या निर्णयात कोणासाठी थांबला नव्हता, तो येथे पत्नीच्या निर्णयासाठी थांबला. टिळकांना जो ख्रिस्त भावला तो शिष्यांचे पाय धुणारा, आपला अधिकार टाकून दासाचे रूप घेणारा. त्या प्रतिमेचे आचरणातील भाषांतर करावयाचे तर ते हे थांबणेच होय. कोणास जिंकण्याची संधी हाती असता ती न घेणे, यापरता अहंकारत्यागाचा दुसरा पुरावा क्वचितच मिळतो.

या थांबण्यातून लक्ष्मीबाईंच्या मनास स्वतःच्या गतीने चालण्यास अवकाश मिळाला. येथे ग्रंथ आपली दुसरी बाजू उघड करतो. अहंकार एकट्या पतीचा नव्हता. वडिलांचे ज्या सोवळ्याने घर जेरीस आणले, त्याचाच वारसा मुलीच्या मनात कुलाभिमान होऊन राहिला होता. जातिभेद देवाने केला की माणसाने, या प्रश्नाशी त्या दीर्घकाळ झगडल्या आणि तो माणसाचा आहे अशा निर्णयास आल्या. अभिमान आधी गळाला, बाप्तिस्मा नंतर, १९०० साली झाला. हा क्रम महत्त्वाचा आहे. धर्मांतराने जात सुटली असे येथे नाही. जात सोडण्याचा निर्णय अंतरात झाल्यावर धर्मांतर सहज झाले. त्याच सुमाराच्या दुष्काळात अनाथ मुलांना घरात घेऊन त्यांचे करणाऱ्या लक्ष्मीबाई वाचकास भेटतात. ज्या हातांना परक्याचा स्पर्श चालत नव्हता तेच हात आता कोणाच्याही मुलास न्हाऊमाखू घालतात. या परिवर्तनावर त्या प्रवचन करीत नाहीत. स्वतःच्या पूर्वीच्या सोवळ्याकडे वळून पाहून हसतात.

४

घरातील या शिकवणीचा संस्थेशी संबंध कसा येतो हे टिळकांच्या अखेरच्या वर्षांवरून दिसते. परदेशी मिशनरी व देशी ख्रिस्ती यांच्यात पोषक व आश्रित असे नाते राहावे, हे त्यांना मानवत नव्हते. उपकाराच्या मार्गाने चालणारी सत्ता त्यांनी स्वतःच्या घरात चालविली होती. मंडळीत ती ओळखण्यास त्यांना वेळ लागला नाही. १९१७ मध्ये ते मिशनच्या नोकरीतून मुक्त झाले आणि ‘देवाचा दरबार’ या बंधुसंघाची कल्पना त्यांनी मांडली. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, दोघांनाही त्यात स्थान होते. ‘दरबार’ हा शब्द राजवैभवाचा खरा. परंतु त्या दरबारात आसन एकच आणि ते देवाचे, म्हणून तेथे कोणा माणसाने वर बसण्याचे कारणच उरत नाही. ९ मे १९१९ रोजी टिळकांचे निधन झाल्यामुळे ही कल्पना रुजण्यास अवधी मिळाला नाही. तथापि टिळकांचे चरित्र लिहिणारे इंग्रज मिशनरी जे. सी. विन्स्लो यांनी १९२२ मध्ये ‘ख्रिस्त सेवा संघ’ स्थापून राज्यकर्त्या समाजातील माणसानेही वरचे आसन सोडण्याचा प्रयत्न केला, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

५

या वाचनावर एक आक्षेप संभवतो. अखेर गेली ती पत्नीच पतीकडे. त्याचा धर्म तिने घेतला, तिचा त्याने नव्हे. मग सत्ता सरली कोठे? आक्षेप निराधार नाही. १९०० सालच्या समाजात पतीपासून दूर राहिलेल्या ब्राह्मण स्त्रीस दुसरे मार्ग फारच थोडे होते, आणि मार्गच नसता केलेली निवड पूर्णतः मुक्त म्हणता येत नाही. ‘स्मृतिचित्रे’ ही मर्यादा ओलांडीत नाहीत. परंतु ती झाकीतही नाहीत. टिळकांचे दोष सांगताना लक्ष्मीबाईंचा स्वर फिर्यादीचा होत नाही आणि त्यांचे गुण सांगताना स्तोत्राचा होत नाही. पतीस संत ठरविणे किंवा गुन्हेगार ठरविणे, या दोन्ही मार्गांनी लेखिकेला त्याच्यावर अंतिम सत्ता मिळाली असती, कारण मृताच्या बाबतीत लेखणीचा शब्द अखेरचा असतो. ती सत्ता लक्ष्मीबाईंनी वापरली नाही. टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ त्यांनी पुढे नेले, तेव्हाही त्या पतीच्या छायेत नव्हत्या. आपल्या साध्या, घरगुती बोलीतच त्या लिहीत राहिल्या. ज्यांच्या विनोदास केवळ स्वभावविशेष म्हटले जाते, त्यांचा तो विनोद वस्तुतः एक नैतिक शिस्त आहे. स्वतःस हसू शकणारा निवेदक दुसऱ्यावर न्यायाधीश होऊन बसत नाही.

यावरून समीक्षेस एक निकष हाती येतो. आध्यात्मिक चरित्र वा आत्मचरित्र वाचताना नायकाने काय सोडले एवढेच विचारून भागणार नाही. त्या सोडण्याचा भार कोणावर पडला आणि त्या माणसास बोलू दिले गेले की नाही, हेही विचारले पाहिजे. मराठवाड्यातील संतचरित्रांचा, विशेषतः अंबेजोगाईच्या दासोपंतपरंपरेतील चरित्रपर रचनांचा, या निकषाने अभ्यास झाल्यास आजवर मुके राहिलेले पुष्कळ साक्षीदार सापडतील. काही ठिकाणी ते एखाद्या ओवीच्या अर्ध्या चरणातच असतील. तेवढ्यानेही त्या चरित्रांचे वाचन पालटेल.