शिबंदीचा पाद्री : श्वार्ट्झ, तंजावर आणि तलवारीचा प्रश्न

तंजावरला येणारा मराठी प्रवासी बृहदीश्वराच्या आवारातला भोसले कुळाचा शिलालेख पाहतो, सरस्वती महालातल्या पोथ्या पाहतो आणि बहुधा तिथूनच परततो. देवळाजवळ, शिवगंगा तळ्यापाशी, एक जुने चर्च आहे, तिथे फारसे कोणी जात नाही. शिलालेख १८०३ मध्ये ज्यांनी कोरवून घेतला त्याच सर्फोजीराजांनी या चर्चमध्ये एक संगमरवरी उठावशिल्प बसवले. शिल्पकार लंडनचा जॉन फ्लॅक्समन. विषय आहे ख्रिस्तियन फ्रीडरिख श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याचा अंतकाळ. श्वार्ट्झ पलंगावर आहे, तरुण राजाने त्याचा हात धरला आहे, पलंगाजवळ शाळेतली मुले आहेत. एका हिंदू राजाने ख्रिस्ती गुरूला वाहिलेली अशी श्रद्धांजली दुसरीकडे क्वचितच सापडेल.

शिल्प सुंदर आहे. पण आपण ते टीकेच्या दृष्टीने पाहणार आहोत, कारण या शिल्पात एक गोष्ट नाही. तिथे शिपाई नाही, तलवार नाही, तटबंदी नाही. चर्च मात्र किल्ल्याच्या आत आहे. श्वार्ट्झने ते १७७९ मध्ये उभे केले तेव्हा किल्ल्यात इंग्रजांची शिबंदी होती आणि तिची उपासनाही तोच चालवत असे. त्याआधी तिरुचिरापल्लीला तो कंपनीच्या फौजेचा पगारी धर्मगुरू होता. १७६४ मध्ये मदुरेच्या वेढ्यात जखमींची सेवा करायला तो छावणीत गेला होता. नवाबाने त्याबद्दल दिलेले पैसे त्याने अनाथ मुलांच्या शाळेला दिले. म्हणजे हा माणूस आयुष्यभर युद्धाच्या शेजारी राहिला. ‘शत्रूंवर प्रीती करा’ हे ज्याच्या धर्माचे वचन, तो रोज सकाळी बंदूकधाऱ्यांना आशीर्वाद कसा देत होता, हा आपला प्रश्न. अभियांत्रिकीच्या मुलांना व्यावसायिक नीतिशास्त्र शिकवताना मी हेच उदाहरण घेतो. संरक्षण कारखान्यात नोकरी घ्यावी की नाही, हा त्यांचा प्रश्न याहून फार वेगळा नसतो.

पहिले उत्तर कागदावर तयारच होते. श्वार्ट्झ लुथरपंथी होता. त्या पंथाचा १५३० चा ऑग्सबर्गचा विश्वासांगीकार पाहा. त्याच्या सोळाव्या कलमात स्पष्ट म्हटले आहे की ख्रिस्ती माणूस न्यायाधीश होऊ शकतो, गुन्हेगाराला तलवारीची शिक्षा देऊ शकतो, न्याय्य युद्ध करू शकतो, शिपाई होऊ शकतो, आणि यात पाप नाही. श्वार्ट्झला पोसणाऱ्या संस्था इंग्लंडच्याही होत्या, आणि इंग्लंडच्या चर्चच्या एकोणचाळीस कलमांपैकी सदतिसावे हेच सांगते : घोर गुन्ह्यासाठी कायदा ख्रिस्ती माणसालाही देहदंड देऊ शकतो, आणि राज्यकर्त्याच्या आज्ञेने शस्त्र धरणे योग्य आहे. युद्ध आणि फाशी हे दोन विषय आज आपण वेगळे धरतो. या कागदांत ते एकाच दमात येतात, कारण दोन्हींचा आधार एकच आहे. रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायात राज्यकर्ता हा देवाचा सेवक आहे आणि तो तलवार उगीच बाळगत नाही, असे सांगितले आहे.

मग मत्तयाच्या पाचव्या अध्यायातल्या दुसऱ्या गालाचे काय? लुथरने १५२३ मध्ये यावर तोडगा काढला. माणूस म्हणून माझ्यावर अन्याय झाला तर मी सोसावा. पण अधिकारपदावर असताना दुसऱ्याच्या रक्षणासाठी तलवार उचलणे हीच प्रीती. व्यक्ती वेगळी, पद वेगळे. युक्तिवाद हलका नाही, हे आधी मान्य करा. शेजाऱ्याच्या घरात दरोडेखोर शिरला असताना ‘मी अहिंसक आहे’ म्हणून दार लावून बसणाऱ्याला संत म्हणायला तुम्हीही तयार होणार नाही.

आमच्या विषयात याला जवळचे एक तंत्र आहे. रचनेतून एक भाग छेद घेऊन वेगळा काढायचा आणि त्याचा समतोल तपासायचा. हे चालते, पण एका अटीवर : छेद जिथे घेतला तिथे दुसऱ्या भागाची बले दाखवावी लागतात. ती न दाखवता आकृती काढली तर गणित सुटते आणि पूल पडतो. व्यक्ती आणि पद यांच्यात लुथरने छेद घेतला. श्वार्ट्झच्या आयुष्यात त्या छेदावर कोणती बले होती ते पाहू.

१७७९ मध्ये मद्रासचा गव्हर्नर रम्बोल्ड याने त्याला हैदरअलीकडे श्रीरंगपट्टणला धाडले. हैदर युद्धाच्या तयारीत आहे का, हे चाचपायचे आणि इंग्रजांना तह हवा आहे हे सांगायचे. श्वार्ट्झने ही वकिली पत्करली ती शांततेचे काम म्हणून. नजराणे घ्यायचे नाहीत असे ठरवून तो गेला. हैदरने वाटखर्चाला तीनशे रुपये दिले ते त्याने मद्रासला सरकारपुढे ठेवले, आणि सरकारने ठेवून घ्यायला सांगितले तेव्हा तंजावरच्या अनाथ मुलांच्या शाळेला दिले. हैदरचे गाऱ्हाणे साधे होते : १७६९ च्या तहात परस्परांना मदत करायचे ठरले होते, आणि मराठ्यांच्या स्वारीत इंग्रज आले नाहीत. गाऱ्हाणे खरे होते. पुढच्याच वर्षी हैदर कर्नाटकात उतरला, आणि या वेळी पुणे दरबार त्याच्या बाजूला होता. शांतिदूत प्रामाणिक होता. त्याला पाठवणाऱ्यांची कीर्ती तशी नव्हती. प्रामाणिक माणसाचा उपयोग अप्रामाणिक सरकारला जास्तच होतो, हे श्वार्ट्झच्या चरित्रकारांनी फारसे मनावर घेतलेले दिसत नाही.

युद्धात तंजावरचा मुलूख उजाड झाला. किल्ल्यात धान्य संपत आले. बाहेर धान्य होते, पण आणायला बैल नव्हते, कारण पूर्वी घेतलेल्याचे पैसे रयतेला मिळाले नव्हते आणि राजाच्या किंवा इंग्रजांच्या शब्दावर कोणी बैल द्यायला धजेना. शेवटी श्वार्ट्झने स्वतःचा शब्द दिला. एक-दोन दिवसांत हजार बैल आले आणि ऐंशी हजार कलम धान्य किल्ल्यात पोहोचले. त्याने सगळ्यांचे पैसे चुकते केले. त्याच्या आयुष्यातला हा प्रसंग मला सगळ्यात मोठा वाटतो, फ्लॅक्समनच्या पलंगापेक्षाही मोठा. पण हे काय होते, नीट विचारा. भुकेल्यांना अन्न देणे होते, आणि वेढ्याच्या भीतीतल्या किल्ल्याला रसद पुरवणेही होते. त्याच धान्यावर शिबंदी टिकली. दोन कामे वेगळी करायला कोणती सुरी वापराल?

१७८३ च्या अखेरीस त्याला टिपूकडे जायला सांगितले; टिपूच्या लोकांनी वाटेतच अडवले. या प्रवासात तो कर्नल फुलार्टनला भेटला. फुलार्टनने पालघाट आणि कोइमतूर घेतले होते आणि तहाच्या बोलण्यांसाठी ते सोडायचा हुकूम त्याला आला होता. यावर श्वार्ट्झने हळहळ व्यक्त केली : बोलणी पुरी होण्याआधीच हे संपन्न मुलूख सोडता, मग टिपूला धाकात ठेवणार कशाने? सल्ला शहाणपणाचा असेल. पण हा सल्ला सेनापतीच्या तोंडी शोभणारा आहे. येथे धर्मगुरू कोणत्या पदावरून बोलला? न्यायाधीश तो नव्हता, शिपाई नव्हता, त्या प्रांताचा अधिकारीही नव्हता. लुथरच्या छेदाची रेषा इथे पुसली गेली आहे, आणि ती पुसणारा स्वतः श्वार्ट्झ आहे.

आता त्याच्या आयुष्यातली दुसरी घटना याच्या शेजारी ठेवा. तंजावरकडची एक मराठी ब्राह्मण विधवा एका इंग्रज अधिकाऱ्याच्या आश्रयाला राहत होती. तिने बाप्तिस्मा मागितला. लग्नाशिवाय एकत्र राहणे चालत असताना श्वार्ट्झने तो नाकारला. अधिकारी वारल्यावर, १७७८ मध्ये पालयमकोट्टईला, त्याने तिला बाप्तिस्मा दिला. हीच क्लॅरिंडा, पुढे तिने तिथे चर्च बांधले, आणि माधवय्यांनी १९१५ मध्ये तिच्यावर इंग्रजीत कादंबरी लिहिली. हिप्पोलिटसच्या नावावर चालत आलेली बाप्तिस्म्याच्या उमेदवारांची एक प्राचीन नियमावली आहे. तिच्यात रखेलीचा प्रश्न आहे, आणि त्याच यादीत शिपायाचाही : शिपायाने कोणाला मारू नये, आणि बाप्तिस्म्याच्या उमेदवाराने शिपाई व्हायची इच्छा धरली तर त्याला दूर करावे. तलवारीचा अधिकार असलेल्या अधिकाऱ्याने तर पदच सोडावे. अठराव्या शतकापर्यंत यादीचा एक अर्धा भाग शाबूत राहिला होता आणि दुसरा गळाला होता. त्या बाईला थांबावे लागले. तिला आश्रय देणाऱ्याच्या कमरेच्या तलवारीबद्दल कोणी विचारले नाही.

श्वार्ट्झच्या बाजूने कोणी म्हणेल की तो आपल्या काळाचा होता. असेलही. पण त्याच्याच कलमांच्या कसोटीवरही हे उभे राहत नाही, आणि माझा मुख्य आक्षेप हाच आहे. ती कलमे ‘न्याय्य’ युद्ध आणि ‘कायदेशीर’ राज्यकर्ता मागतात. तंजावरात तो कोण? १७७३ मध्ये नवाबासाठी कंपनीच्याच फौजेने तंजावर घेतले आणि तुळजाराजांना कैद केले. १७७६ मध्ये त्याच कंपनीने राज्य परत दिले. ते परत देणाऱ्या गव्हर्नर पिगटला त्याच्याच कौन्सिलने अटक केली आणि तो कैदेतच मेला. तीन वर्षांत दोनदा बदललेल्या या न्यायाला देवाचा सेवक म्हणायचे तर कोणत्या वर्षीच्या? १७९९ मध्ये सर्फोजींनी कारभार कंपनीच्या हाती दिला, आणि त्याच वर्षी १६ ऑक्टोबरला कायतारला मेजर बॅनरमनने कट्टबोम्मनला फाशी दिले. फाशीचा हुकूम देणारा एका व्यापारी मंडळीचा नोकर होता. रोमकरांस पत्राने त्याच्या हाती तलवार दिली, असे म्हणायला फार जाड चामडे लागेल. तोवर श्वार्ट्झ वारला होता. १३ फेब्रुवारी १७९८ ला. पण ज्या सत्तेच्या शब्दाला त्याने आपल्या शब्दाची किंमत मिळवून दिली, ती हीच.

मद्रासच्या किल्ल्यातल्या सेंट मेरीज चर्चमध्ये कंपनीनेही त्याचे स्मारक उभारले. त्यावरच्या लेखात हैदरचा प्रसंग आहे. या पाद्र्याला अडवू नका, असा हैदरने आपल्या सरदारांना दिलेला हुकूम आहे. चमत्कारिक वाटेल, पण दोन्हींत मला कंपनीचे स्मारक अधिक खरे वाटते. राजाने कृतज्ञतेने गुरूला युद्धातून बाहेर काढले. कंपनीला त्याची गरज वाटली नाही.

आज ही कलमे कुठे आहेत? कॅथलिक चर्चने २०१८ मध्ये आपल्या धर्मशिक्षणग्रंथात बदल करून देहदंड अस्वीकार्य ठरवला. आपल्याकडचा कस लागला तो ओरिसात. १९९९ च्या जानेवारीत मनोहरपूरला ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन लहान मुले गाडीत जाळली गेली. ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केली, आणि क्षमा वेगळी, गुन्ह्याचे परिणाम वेगळे, असेही सांगितले. लुथरचाच छेद, पण त्यांनी तो कुठे घेतला ते पाहा : कायद्याचे काम त्यांनी कायद्याकडे सोडले आणि गळफास मागितला नाही. खालच्या न्यायालयाने २००३ मध्ये दारासिंगला फाशी सुनावली, उच्च न्यायालयाने २००५ मध्ये ती जन्मठेपेवर आणली, सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये जन्मठेप कायम केली. २००४ मध्ये ऑस्ट्रेलियाला परतेपर्यंत त्या कुष्ठरोग्यांच्या सेवेचे काम पाहत होत्या.