चॉसरची दुसरी वही

एम. ए.च्या वर्गात चॉसर आमच्या पदरात पडला तो ‘इंग्रजी काव्याचा जनक’ म्हणून. जनकाचे जे करायचे तेच आम्ही केले. नमस्कार केला आणि शेक्सपिअरकडे वळलो. पुष्कळ वर्षांनी त्याच्याविषयीच्या सरकारी-दरबारी नोंदींचा १९६६ साली निघालेला जाडजूड संग्रह चाळायला मिळाला. पाचशेला थोड्याच कमी नोंदी. तनखे, प्रवासखर्च, दावे, राजाने रोज द्यायची घागरभर वाइन. त्यांतली एकही नोंद त्याला कवी म्हणत नाही.

यावर ठरलेला खुलासा असा, की दिवसा पोटासाठी चाकरी आणि रात्री कविता. ‘हाउस ऑफ फेम’मध्ये तो स्वतःच गरुडाच्या तोंडून आपली तशी थट्टा करवतो: हिशेब संपवून घरी येतोस आणि पुन्हा पुस्तकापुढे दगडासारखा बसतोस. मीही हेच मानत होतो. आता मात्र मला वाटते, ती चाकरीच त्याच्या कवितेत शिरली आहे.

१३७४ साली त्याला लंडन बंदरात लोकर आणि कातड्यांवरच्या जकातीचा ‘कंट्रोलर’ नेमले. या शब्दाच्या मुळाशी ‘प्रति-वही’ आहे. जकात गोळा करणारे शहरातले बडे व्यापारी. राजाला कर्ज देणारेही तेच. त्यांनी लिहिलेल्या हिशेबाला ताडून पाहता येईल अशी दुसरी वही कंट्रोलरने ठेवायची, तीही स्वतःच्या हाताने. बारा वर्षे त्याने हे केले. एकाच मालाची दोन माणसे दोन वह्यांत नोंद करतात आणि खरे काय ते दोन्ही समोर ठेवल्यावाचून कळत नाही, हे त्याच्या बोटांत मुरले असणार.

‘कँटरबरी टेल्स’ या नजरेने वाचावे. सरदार दोन चुलतभावांच्या एकाच स्त्रीवरील प्रेमाची उदात्त कथा सांगतो. लगेच झिंगलेला गिरणीवाला मध्ये घुसतो आणि तोच मामला एका सुताराच्या घरात, दोन चावट तरुण आणि एक बायको असा मांडतो. पथकातला कारभारी मूळचा सुतार, त्याला ते झोंबते. तो धान्यचोर गिरणीवाल्याची फजिती सांगून फेड करतो. प्रत्येक कथा आधीच्या कथेची प्रति-वही. गंमत म्हणजे याच कारभाऱ्याच्या हिशेबात कोणाही तपासनिसाला खोट सापडत नाही, असे कवी सांगतो. हे लिहिताना माजी कंट्रोलर गालात हसला असेल! आणि स्वतःच्या वाट्याला त्याने काय घेतले? इतके रटाळ पद्य, की यात्रेचा म्होरक्या ते अर्ध्यावर बंद पाडतो. सहा शतके टिकलेल्या कवीने निकाल देण्याची खुर्ची स्वतःसाठी ठेवलीच नाही.

पण या कौशल्याची दुसरी बाजू मला अस्वस्थ करते. १३८१ साली बंडखोर शेतकरी ऑल्डगेटमधून लंडनमध्ये शिरले. त्याच वेशीवरच्या खोल्या चॉसरला राहायला मिळालेल्या होत्या. त्याच्या काव्यात या बंडाचा नावानिशी उल्लेख एकदाच येतो, तोही कोंबडा पळवणाऱ्या कोल्ह्याच्या मागे लागलेल्यांच्या गोंधळाला उपमा म्हणून. १३८६ च्या अखेरीस त्याने जकातीची जागा सोडली. १३८८ मध्ये जकात गोळा करणाऱ्यांपैकी निकोलस ब्रेंबर आणि चॉसरची आपल्या पुस्तकात स्तुती करणारा टॉमस अस्क, दोघांनाही मृत्युदंड झाला. चॉसर वाचला, पुढच्याच वर्षी राजाच्या बांधकामांवर देखरेखीच्या जागी आला. हा धोरणीपणा म्हणावा की भित्रेपणा? मी अनेकदा बाजू बदलली आहे. दोन्ही बाजू लिहून ठेवणारा माणूस एका बाजूला उभा राहत नाही, आणि त्याच्या कथांत मला जे आवडते ते याच न उभे राहण्यातून आले आहे, हे नाकारता येत नाही.

१३९९ साली राजा बदलला. चॉसरने रिकाम्या थैलीचे गाऱ्हाणे गाणारी कविता नव्या राजाला उद्देशून पाठवली. तनखा वाढला. डिसेंबरात त्याने वेस्टमिन्स्टर ॲबीच्या बागेतले घर भाड्याने घेतले, ५३ वर्षांच्या कराराने. वर्षभरही न राहता तो गेला आणि त्याला ॲबीत पुरले, बहुधा कवी म्हणून नव्हे, आवारातला भाडेकरू म्हणून. आज तिथे ‘पोएट्स कॉर्नर’ आहे.