आघाताचे ऋण : चिक चॉकलेट यांचा वाद्यवृंद आणि सी. रामचंद्र यांचे चित्रपटसंगीत

'प्रभाव' हा शब्द कलासमीक्षेत जितक्या सहजपणे योजिला जातो, तितक्या सहजपणे तो सिद्ध करता येत नाही. एका संगीतकाराची चाल दुसऱ्याच्या रचनेत आढळली म्हणजे प्रभाव दाखविता येतो. परंतु चाल न देता केवळ ती वाजविण्याची रीत ज्याने दिली, त्याचे ऋण कोणत्या खात्यावर मांडावयाचे, याचा विचार क्वचितच होतो. सी. रामचंद्र यांच्या हिंदी चित्रगीतांचे विवेचन करताना हा प्रश्न टाळता येत नाही. त्या गीतांमागे चिक चॉकलेट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ट्रम्पेटवादकाचा वाद्यवृंद उभा आहे, आणि तो आज जवळजवळ विस्मृतीत गेला आहे.

चिक चॉकलेट यांचे मूळ नाव आंतोनियो झेवियर वाझ. त्यांचा जन्म १९१६ मध्ये गोव्यातील हळदोणे येथे झाला. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातील चर्चशी संलग्न अशा शाळांतून मुलांना पाश्चात्त्य स्वरलेखन वाचावयास शिकवीत. या शिक्षणाच्या बळावर अनेक गोमंतकीय तरुण मुंबईच्या हॉटेलांतील नृत्यवृंदांत शिरले. १९३५ मध्ये लिऑन ॲबी यांचा अमेरिकन वृंद ताजमहाल हॉटेलात आला आणि जॅझ हा प्रकार मुंबईकरांना प्रत्यक्ष ऐकावयास मिळाला. पुढील दशकात त्याच हॉटेलात चिक यांचा 'म्युझिक मेकर्स' हा वृंद वाजवू लागला. लुई आर्मस्ट्राँग हे त्यांचे आदर्श. 'भारताचे आर्मस्ट्राँग' असा त्यांचा लौकिक होता. हॉटेलाच्या नृत्यगृहापलीकडे मात्र तो फारसा पोहोचला नाही. १९६७ मध्ये त्यांचे निधन झाले.

येथे भाषाशास्त्रातील आदानाचा विचार उपकारक ठरतो. एक भाषा दुसरीकडून शब्द घेते तेव्हा त्या देवघेवीची नोंद कोशात होते. 'चावी', 'पगार', 'बटाटा' हे शब्द पोर्तुगीजमधून आले हे कोशकार सांगू शकतो. परंतु भाषा केवळ शब्दच घेते असे नाही. वाक्यातील आघात, विराम व सुरावट यांचेही आदान होते. त्याची नोंद करावयास कोशात रकाना नाही. संगीतातही चाल ही शब्दाच्या जागी असते. तिला कर्ता असतो, तिच्यावर हक्क सांगता येतो. आघात हा बोलणाऱ्याच्या मुखात राहतो आणि त्याच्याबरोबर लोपतो.

'समाधी' (१९५०) या चित्रपटातील 'गोरे गोरे' हे गीत या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. १९४५ च्या 'डॉल फेस' या अमेरिकन चित्रपटात कार्मेन मिरांडा यांनी गायिलेल्या गीताशी त्याच्या चालीचे निकट साम्य आहे, हे अनेकांनी दाखविले आहे. टीकाकार बहुधा येथेच थांबतात आणि उसनवारीचा आरोप नोंदवून मोकळे होतात. वास्तविक महत्त्वाचा प्रश्न यापुढचा आहे. परकी चाल कागदावर उतरविता येते. तिच्यातील मात्रा किंचित पुढे वा मागे ढकलून वाजविण्याची जॅझची लकब कागदावर उतरत नाही. त्यासाठी ती लकब अंगवळणी पडलेले वादकच हवे होते, आणि ते नृत्यवृंदांत होते. १९५१ च्या 'अलबेला'मधील 'शोला जो भडके' या गीतात बोंगो, ओबो, ट्रम्पेट, क्लॅरिनेट व सॅक्सोफोन अशी वाद्ये एकत्र येतात. अशा मेळाला गाण्यामागे नुसता भराव म्हणून राहता येत नाही. तो गायकाशी संवाद करतो. याच चित्रपटातील 'दीवाना परवाना' या गीतात चिक व त्यांचे साथीदार झालरीच्या वेषात पडद्यावरही दिसतात. त्यांना पाहिलेल्यांची संख्या लक्षावधी असेल, ओळखणारे थोडेच.

'आशा' (१९५७) मधील 'ईना मीना डीका' या गीतात हे आदान ध्वनीच्या पातळीवरून शब्दाच्या पातळीवर येते. त्यातील निरर्थक भासणाऱ्या अक्षरमालेत कोंकणीतील 'माका नाका', म्हणजे 'मला नको', हे पद मिसळलेले आहे, आणि ते वृंदातील एका गोमंतकीय वादकाने सुचविले असे सांगण्यात येते. कथा कशीही असो, हिंदी श्रोत्याला जे केवळ नादमय वाटते, ते कोंकणी श्रोत्याला अर्थपूर्ण असते, ही गोष्ट निर्विवाद आहे.

याचा अर्थ सी. रामचंद्र यांचे श्रेय उणे करावयाचे असा नव्हे. पुणतांब्याच्या या संगीतकाराने विनायकबुवा पटवर्धनांकडे शिक्षण घेतले होते. 'अनारकली' (१९५३) च्या रचनांत नृत्यवृंदाचा मागमूस नाही. कोणती लकब कोठे योजावी आणि कोठे वर्जावी, हा निर्णय त्यांचाच होता. चिक यांनी त्यांचे सहायक म्हणून काम केले. परंतु 'सहायक' या एका शब्दात स्वरलेखन, वाद्ययोजना आणि वादनशैली ही तीन भिन्न कामे दडून जातात. श्रेयनामावलीची भाषाच येथे अपुरी पडते.

ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न अलीकडे झाला आहे. ग्रेगरी बूथ यांनी वादकांच्या मुलाखतींच्या आधारे २००८ मध्ये आणि नरेश फर्नांडिस यांनी मुंबईतील जॅझच्या इतिहासावर २०१२ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केले. कृतज्ञतेची उदाहरणे संगीतकारांतही आहेत. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'मधील सुप्रसिद्ध गीतात प्यारेलाल यांचे गोमंतकीय गुरू अँथनी गोन्साल्विस यांचे नाव अमर झाले. चिक यांच्या वाट्याला असे गीत आले नाही.

मराठीत मात्र हे काम अद्याप व्हावयाचे आहे, आणि त्याचे क्षेत्र दूर नाही. खारदांड्यासारख्या कोळीवाड्यांत लग्नाच्या मिरवणुकीपुढे पितळी वाद्यांचा बँड गाण्याची ओळ ट्रम्पेटवर उचलतो, तेव्हा ते वाद्य परके आहे असे कोणाच्या मनातही येत नाही. तेथे लष्करी बँडची परंपरा किती आणि चित्रपटांतून झिरपलेली नृत्यवृंदाची लकब किती, हे केवळ तर्काने ठरविता येणार नाही. ध्वनिमुद्रणे तपासून आणि वादकांना विचारूनच ते ठरवावे लागेल. 'पगार' हा शब्द उच्चारताना पोर्तुगीजांचे स्मरण होत नाही, यात आदानाचे यश आहे. पण त्या यशाची किंमत देणाऱ्याच्या नावाने चुकती केली जाते. बोलणाऱ्याला ते विस्मरण क्षम्य आहे, अभ्यासकाला नाही.