मल्लाचा उतार आणि त्याचे मोल

काव्य-नाटकांच्या चर्चेसाठी राखलेल्या या पृष्ठांत एका पहिलवानाचा विचार व्हावा, हे काही वाचकांस चमत्कारिक वाटेल. परंतु ज्या जालना जिल्ह्यात प्रस्तुत लेखकाचे आयुष्य गेले, त्याच जिल्ह्यातील जांब या गावी समर्थ रामदासांचा जन्म झाला. ग्रंथरचनेबरोबर बलोपासनेचाही ज्यांनी पुरस्कार केला, त्यांच्या जन्मभूमीत तरी मल्लविद्येला टीकेचा विषय मानण्यास संकोच वाटू नये. शिवाय, इंग्रजी वाङ्मयाचे अध्यापन करणाऱ्यास हॅझलिटचा आधार आहेच. त्याने १८२२ साली एका मुष्टियुद्धावर निबंध लिहिला, आणि त्याच्या उत्तम निबंधांत तो आजही गणला जातो.

हॅझलिटने मात्र एका दिवसाचा पराक्रम वर्णिला. आमच्यापुढील प्रश्न त्यानंतरच्या दिवसांचा आहे. जड वजनाच्या मल्लाचा भर ओसरला, म्हणजे त्याच्या कर्तृत्वाचा हिशेब कसा मांडावयाचा?

लोकांत याविषयी दोन पक्ष दिसतात. पहिला पक्ष म्हणतो की, मल्ल त्याच्या उत्कर्षाच्या काळावरून जोखावा; पुढचे सारे विसरावे. आपण कवीची श्रेष्ठता त्याच्या उत्तम कवितेवरून ठरवितो, वार्धक्यातील शिळ्या ओळींवरून नव्हे. तोच न्याय येथेही लावावा. दुसरा पक्ष अधिक कठोर आहे. त्याच्या मते जयपराजयांची बेरीज-वजाबाकी हाच खरा हिशेब. जो उतारवयात आखाड्यात उतरला त्याने त्या वयाचे पराभवही आपल्या नावे लिहून घ्यावेत.

पहिल्या पक्षाचा दृष्टान्त मनोहर असला तरी तो येथे लागू पडत नाही. कवीची फसलेली कविता दुसऱ्या कोणाच्या यशात जमा होत नाही. मल्लाचा पराभव मात्र दुसऱ्याचा विजय म्हणून इतिहासात राहतो. जो लुई हा १९३७ पासून १९४९ पर्यंत मुष्टियुद्धाचा जगज्जेता होता. निवृत्तीनंतर थकलेल्या सरकारी कराच्या ओझ्याने त्याला पुन्हा रिंगणात आणले, आणि १९५१ साली सदतिसाव्या वर्षी तरुण मार्सियानोने आठव्या फेरीत त्याला खाली पाडले. ही लढत विसरावी म्हटले तर मार्सियानोच्या चरित्रातूनही ती पुसावी लागेल. दुसऱ्या पक्षाप्रमाणे ती लुईच्या नावे पूर्णपणे मांडावी, तर आपण मनुष्याऐवजी त्याचे वय मोजले असे होईल. दोन्ही मापे अपुरी आहेत.

या कोड्याची उकल लेखकास एका जत्रेत मिळाली, ती कोणत्याही ग्रंथात मिळाली नव्हती. लेखक तेव्हा दहा-अकरा वर्षांचा असेल. आमच्या भागातील एका गावी कुस्त्यांचा फड होता. रेवड्यांच्या कुस्त्या संपल्या, हलगीचा ताल चढला आणि शेवटच्या जोडीसाठी एकेकाळी पंचक्रोशीत गाजलेला एक प्रौढ पहिलवान उतरला. समोरचा गडी विशीतला होता. दोन मिनिटांच्या आत प्रौढ मल्ल चीत झाला. लोकांनी शिट्या वाजविल्या. लेखकही त्यांत होता. घरी परतताना वडील रागावले नाहीत. ते एवढेच म्हणाले, “हसलास ते हसलास. उद्या तालमीत जा आणि त्यांना विचार, तुम्ही पडलात कसे? ते जिंकलेल्याला सांगता यायचे नाही.”

दुसऱ्या दिवशी भीतभीतच तालीम गाठली. ते गृहस्थ फावड्याने हौद्यातील माती वरखाली करीत होते. प्रश्न ऐकून ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, “बाळ, त्याचा पट येतोय हे मला त्याच्या आधी कळलं होतं. पण पाय ऐकेना.” मग त्यांनी एका पोराला जवळ ओढून तो पट कसा चुकवावयाचा, हे सावकाश दाखविले. पोराने तो तिसऱ्या खेपेला बरोबर चुकविला.

‘पाय ऐकेना’ या दोन शब्दांत मल्लाच्या उताराची सारी मीमांसा आहे. भरात असलेल्या मल्लाचे ज्ञान आणि देह बरोबरीने चालतात. पुढे देह मागे पडतो. ज्ञान मात्र वाढतच असते. उतार म्हणजे केवळ क्षय नव्हे. देहाला न पेलणारे ज्ञान शिल्लक उरण्याचा तो काळ होय. तेव्हा टीकाकाराने विचारावयाचा प्रश्न असा की, या शिलकीचे त्या मल्लाने काय केले?

ही शिल्लक काही काळ आखाड्यातच कामी येते. महंमद अलीची उमेदीची साडेतीन वर्षे, १९६७ ते १९७०, सैन्यात भरती होण्यास नकार दिल्यामुळे रिंगणाबाहेर गेली होती. १९७४ साली किन्शासा येथे तो पंचवीस वर्षांच्या जॉर्ज फोरमनसमोर उभा राहिला तेव्हा त्याच्या पायांत पूर्वीची चपळाई राहिली नव्हती. म्हणून त्याने दोरांना रेलून फोरमनचे ठोसे अंगावर घेतले, त्याला दमविले आणि आठव्या फेरीत पाडले. तारुण्यातील अलीला असे लढण्याची गरजच पडली नसती. परंतु १९८० साली लास व्हेगास येथे, जो लॅरी होम्स पूर्वी सरावात त्याचा जोडीदार होता त्याच्याशी लढताना, अडतीस वर्षांच्या अलीची एकाही फेरीत सरशी झाली नाही, आणि दहाव्या फेरीनंतर त्याच्याच माणसांनी लढत थांबविली. ज्ञान होते, परंतु ते पोहोचविण्यास देहाचे वाहन उरले नव्हते. पहिली लढत अलीच्या थोरवीत पुरतेपणी जमा करावी. दुसऱ्या लढतीचा दोष त्याच्याइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, ती भरविणाऱ्यांवर आणि तिकीट काढून ती पाहणाऱ्यांवर ठेवावा.

आता आपल्या मराठवाड्याचे उदाहरण घेऊ. लातूर जिल्ह्यातील रामलिंग मुदगड येथे १९५० साली जन्मलेले हरिश्चंद्र बिराजदार कोल्हापूरच्या गंगावेश तालमीत घडले. १९६९ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षाच्या सुमारास, ते महाराष्ट्र केसरी झाले. १९७० साली एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक मिळविले. पुढे रुस्तुम-ए-हिंद हा किताबही त्यांस लाभला. १९७७ साली बेळगावी दिल्लीच्या सतपाल यांच्यावर त्यांनी मिळविलेल्या विजयाची गोष्ट जुने कुस्तीशौकीन आजही रंगवून सांगतात.

पहिल्या पक्षाचा टीकाकार येथेच लेखणी खाली ठेवील. परंतु बिराजदारांचा मोठा अध्याय याच्या पुढे आहे. आखाड्यातून निवृत्त झाल्यावर ते पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत वस्ताद म्हणून उभे राहिले. काका पवार त्यांच्या हाताखाली तयार झाले. बीड जिल्ह्यातील राहुल आवारे त्यांचाच शिष्य. सप्टेंबर २०११ मध्ये बिराजदार निवर्तले. त्यानंतर राहुलला काका पवारांनी घडविले. २०१८ साली गोल्ड कोस्ट येथील राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटात सुवर्णपदक जिंकल्यावर राहुलने ते आपल्या दिवंगत वस्तादांस अर्पण केले. एडिंबरोनंतर अठ्ठेचाळीस वर्षांनी तेच पदक एका जड मल्लाच्या शिकवणुकीतून ५७ किलोच्या शिष्याकडे आले. देहबळ असे संक्रांत होत नाही, विद्या होते.

बेळगावच्या त्या लढतीचा उत्तरार्धही ध्यानात घेण्याजोगा आहे. हरलेले सतपाल तेव्हा तरुण होते. त्यांनी १९८२ साली दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळविले, आणि त्यांचाच शिष्य सुशील कुमार २००८ व २०१२ अशा दोन ऑलिंपिकांत पदके घेऊन आला. त्या दिवशीच्या निकालाने दोघांचा हिशेब मिटला असे म्हणणारा टीकाकार किती घाईचा ठरला असता!

येथे एक आक्षेप संभवतो. अध्यापनाचे श्रेय शिक्षकाच्या खात्यावर असावे. त्याने मल्ल म्हणून कोणाची उंची कशी वाढेल? आक्षेप विचारार्ह आहे, आणि काही अंशी मान्यही केला पाहिजे. बिराजदारांच्या पदरी ऑलिंपिक पदक नाही. शिष्यांच्या यशाने ती उणीव भरून निघाली असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. तथापि कवीचा ग्रंथ कवीच्या पश्चात कपाटात राहतो, तसे मल्लाच्या डावाचे नसते. तो एका अंगातून दुसऱ्या अंगात उतरला तरच टिकतो. शिष्य हेच मल्लाचे ग्रंथ. ते न वाचता त्याच्यावर अभिप्राय देणे म्हणजे पहिले प्रकरण वाचून परीक्षण लिहिण्यासारखे आहे.

अर्थात शिल्लक कोठे जाईल, हे एकट्या मल्लाच्या स्वभावावर ठरत नाही. लुईला कराने रिंगणात ओढले. बिराजदारांस तालमीने वस्तादाची जागा दिली. हा फरक दोन समाजव्यवस्थांचाही आहे. म्हणून आपल्याकडे सर्व ठीक आहे असे मात्र नाही. लातूरच्या मुलाला कोल्हापूर गाठावे लागले, बीडच्या मुलाला पुणे. मराठवाड्याची विद्या मराठवाड्याबाहेर रुजली. आमच्या जत्रांत प्रौढ मल्लाला शेवटच्या कुस्तीचे इनाम देऊन पाडून घेण्यास पैसा निघतो. त्याच मल्लाला वर्षभर चार पोरे शिकवावयास बसविण्याची गोष्ट निघाली की गावकरी एकमेकांकडे पाहू लागतात.

लेखक आता स्वतः पन्नाशी ओलांडून गेला आहे, आणि वर्गात उभा असताना ‘पाय ऐकेना’ या शब्दांचा अर्थ त्यास अधिकाधिक उमगू लागला आहे. येत्या जत्रेत एखादा उतरता मल्ल पडला, तर वाचकांनी शिटी वाजविण्यापूर्वी सोबतच्या मुलाला दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे पाठवावे. तेवढे झाले तरी प्रस्तुत लेखाचा हेतू सफल झाला असे लेखक समजेल.